कोणतं पाणी टाकायचं, कोणतं प्यायचं

मागच्या आठवड्यात गडचिरोलीच्या डॉक्टरांनी मला डोळे मिटायला सांगितले आणि माझ्या तळपायाला जागोजागी नायलॉनचा एक बारीक दोरा टेकवला. लागलं की ‘हो’ म्हणायचं, एवढाच खेळ. मी प्रत्येक वेळी ‘हो’ म्हणाले. डाव्या अंगठ्यापाशी मात्र काहीच लागलं नाही. डॉक्टर थांबलेत, त्यांची खुर्ची करकरली, म्हणजे दोरा टेकवून झाला असणार, असा हिशेब करून मी तिथेही ‘हो’ म्हटलं. डॉक्टर खूश झाले. अकरा वर्षांची साखर असून पाय छान राखलेत म्हणाले. माझी सून प्रतिभा बाजूला फाइल घेऊन उभी होती, तिलाही बरं वाटलं. या वयात परीक्षेत लबाडी करून पास झाल्याचं मला थोडं हसूही आलं.

परत येताना आरमोरीच्या अलीकडे रस्ता नव्या धानानं अडला होता. ट्रॅक्टर, ट्रक, पोत्यांच्या थप्प्या, आणि सगळ्यावर तो वास. नव्या धानाचा वास ज्यानं घेतलाय त्याला तो सांगायला नको, आणि ज्यानं घेतला नाही त्याला सांगून कळत नाही. ओलसर तणस, ऊन खाल्लेली माती आणि कुठेतरी शिजत असलेला भात, असं काहीतरी. प्रतिभानं धूळ नको म्हणून काच वर केली. मी म्हटलं, राहू दे खाली. त्या वासात मला दोन पाय दिसत होते. माझे नव्हेत, माझ्या सासूबाईंचे.

सगळं गाव त्यांना बाई म्हणे, म्हणून मीही बाईच म्हणू लागले. एकोणीसशे पन्नासच्या दशकातलं माझं लग्न. माझं माहेर वरोऱ्याचं, कापसाच्या आणि ज्वारीच्या मुलखातलं. आमच्याकडे भाकरी म्हणजे जेवण; भात सणासुदीला, तोही तोंड गोड करण्यापुरता. आरमोरीजवळच्या या गावात आले तेव्हा पहिल्याच दिवशी माझ्या ताटात भाताचा असा डोंगर वाढला की मला वाटलं हा सगळ्यांचा मिळून असेल. सकाळी भात, दुपारी पेज, संध्याकाळी भात. भाकरी कुठे आहे, असं मी विचारलं तेव्हा बाई एवढ्या हसल्या की त्यांना ठसका लागला. नंतर माझ्या भावानं ज्वारीचं एक पोतं आणून टाकलं आणि मी माझ्यापुरत्या भाकरी थापू लागले. आमच्या ह्यांनाही त्या आवडू लागल्या. हे गावच्या शाळेत मास्तर होते, डब्यात भाकरी न्यायला सोपी. बाईंनी एकदा घास घेऊन पाहिला आणि ठेवून दिला. त्यांचे दात हलत होते, शिवाय जन्मभर भातावर वाढलेल्या माणसाच्या घशाखाली ती उतरेना.

मला लहानपणापासून खोड आहे, विचारायची. हे असं का, ते तसं का. बाई माझ्या ‘काऊन’ची थट्टा करायच्या. चुलीपुढे बसले की त्या आधीच म्हणत, विचार बापा, काय विचारायचं ते, म्हणजे भात खाली लागनार नाई. त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीची रीत होती, कारण मात्र क्वचित असे. रीत त्यांना त्यांच्या सासूनं दिली होती, आणि ती बिनचूक हातात होती. कारण शोधायचं काम माझ्याकडे आलं, आणि त्यानंच मला घोटाळ्यात टाकलं.

या भागातली लाखोरीची डाळ मी तोवर पाहिलीही नव्हती. धान अजून बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेतात, उभं असतं, जमिनीत ओल असते, तेवढ्यात लोक लाखोरी फेकतात. धान कापून नेलं की मागे हिरवंगार राहतं, मग त्यात निळी फुलं येतात. नांगरणी नको, पाणी नको. पाऊस दगा देवो, धान जळो, लाखोरी आपली येतेच. मला तिचं फार कौतुक वाटलं होतं. बाईंनी मला त्या डाळीची रीत शिकवली: रात्री भिजत घालायची, सकाळी ते पाणी फेकायचं, नव्या पाण्यात उकळी काढायची, तेही पाणी फेकायचं, आणि मग तिसऱ्या पाण्यात शिजवायची. आमची तुरीची डाळ एका पाण्यात शिजते. मी अर्थातच विचारलं.

“ते पाणी पायाले धरते,” बाई म्हणाल्या.

त्यांनी बोट दाखवलं ते समोरून जाणाऱ्या डोमाजीकडे. डोमाजी तेव्हा चाळिशीचा असेल. दोन हातांत दोन काठ्या, गुडघे वाकलेले, टाचा वर, आणि प्रत्येक पावलाला एक पाय दुसऱ्यात अडकायचा. धान बुडालं त्या एका वर्षी त्याला मजुरीत फक्त लाखोरी मिळाली होती. तीच दळायची, तीच थापायची, तिचीच आंबील. भिजवायला आणि पाणी फेकायला सवड कोणाला होती? चार महिन्यांत तो चालता चालता बसला, तो मग असाच उठला. कधीमधी, धुऊन उकडून, भाताबरोबर वाटीभर खाल्लेली लाखोरी आणि सकाळ-संध्याकाळ फक्त तीच खाल्लेली लाखोरी यात एवढा फरक. मला हे ऐकून काटा आला. एकाच दाण्यात जेवणही आहे आणि अपंगपणही आहे, आणि मधे फक्त एक उकळी आहे, हे मला कित्येक दिवस पचलं नाही.

त्यातून मी एक धडा घेतला. अन्नातला रोग पाण्यात उतरतो. पाणी फेकलं की रोग जातो. मला वाटलं, बाईंना जे कारण ठाऊक नाही ते मला सापडलं.

त्याच वर्षी दसऱ्याच्या सुमारास आरमोरीला धानाची मिल सुरू झाली. तोवर आमच्या घरचं धान जैतू कांडायची. जैतू गोंडाची, बाईंपेक्षा दोनचार वर्षांनी मोठीच, हडकुळी आणि काटक. ती दिवस उगवायच्या आत येई आणि तिच्या मुसळाच्या ठोक्यानं मला जाग येई. कांडणाबद्दल तिला तांदूळ, कणी आणि थोडा कोंडा मिळे. तिचा कांडलेला तांदूळ तांबूस असे, त्याच्या अंगाला कोंड्याची साल राही, भात थोडा चिकट आणि गोडूस होई. मिलचा पहिला तांदूळ बैलबंडीतून घरी आला तेव्हा शेजारणी बघायला आल्या. पांढरा स्वच्छ, एकसारखा, ना साल ना खडा. बाई तो ओंजळीत घेऊन कितीतरी वेळ बसल्या होत्या. एवढी वर्षं आपण पाहुण्यापुढे तांबडा भात वाढत आलो याची त्यांना लाजच वाटली. जैतूला त्यांनी सांगितलं की आता लागेल तेव्हा बोलावू. ती मुसळ भिंतीला टेकवून गेली.

खरं सांगते, मला तिच्यापेक्षा त्या मुसळाचं वाईट वाटलं, कारण सकाळी जाग येईना.

कापणी सुरू झाली, बाई बांधीवर आणि मग खळ्यावर गुंतल्या, आणि स्वयंपाकघर पूर्णपणे माझ्या हाती आलं. माझी पहिली सत्ता. मी तांदूळ धुवायला बसले की चारचार, पाचपाच पाण्यांतून काढायची. पहिलं पाणी दुधासारखं निघे. त्यात काय काय असेल या कल्पनेनंच मी तो तांदूळ दोन्ही हातांनी चोळायची, पाणी विहिरीसारखं नितळ दिसेपर्यंत. मग भरपूर पाण्यात शिजवून वरचं दाट पाणी, म्हणजे मांड, ओतून काढायचा. पूर्वी बाई तो मांड मीठ घालून दुपारी वाटी भरून पीत. चूल माझ्या हाती आल्यावर मी तो दोन कामांना लावला. आमच्या ह्यांच्या पांढऱ्या टोप्यांना त्याची खळ द्यायची, वरोऱ्याला माझी आई तशीच देई; त्या टोप्या अशा कडक होत की शाळेतली पोरं दुरून ओळखत. उरलेला मांड, तांदळाचं धुवण आणि मिलमधून परत आणलेला कोंडा हे सगळं गाभण म्हशीच्या घमेल्यात. म्हशीचं कातडं महिनाभरात चकचकायला लागलं. ह्यांनी माझं कौतुक केलं. मी खूश झाले.

मार्गशीर्षात बाई म्हणू लागल्या की पायाला मुंग्या येतात. दिवसभर खळ्यावर उभं राहून येत असतील, असं सगळेच म्हणाले. मग त्यांच्या पिंढऱ्या दुखू लागल्या, चप्पल पायातून निसटून मागे राही आणि त्यांना कळत नसे. दोन पायऱ्या चढून ओसरीवर आलं की धाप लागे. मला पुढचं सगळं दिसलं: दोन काठ्या, वाकलेले गुडघे. मी कोणालाही न विचारता घरातली लाखोरी काढली आणि गोठ्यामागच्या खड्ड्यात नेऊन ओतली. तुरीची डाळ या भागात सहज मिळत नसे, म्हणून बाईंच्या ताटात आता भात, मिरचीचा ठेचा आणि अंबाडीचं आंबट पाणी एवढंच राहिलं. आणि भाताचं पाणी मी आधी चार वेळा टाकत होते, ते आता सहासात वेळा टाकू लागले. रोग उतरला पाहिजे ना.

पौषात तिकडची थंडी हाडापर्यंत जाते. वैनगंगेवरून वारा येतो आणि नुसत्या गोवऱ्यांनी भागत नाही, मोठी लाकडं लावावी लागतात. सकाळी आमच्या अंगणात शेकोटी असे आणि तिच्याभोवती येणारे-जाणारे बसत. त्या सकाळी डोमाजीही होता. लाकूड फुटलं आणि दोन निखारे उडाले. एक डोमाजीच्या पायाजवळ पडला. त्यानं शिवी हासडून वाकडा पाय झटक्यात मागे ओढला. दुसरा बाईंच्या पावलावर पडला. बाई काहीतरी सांगत होत्या, त्या सांगतच राहिल्या. मला चामडी जळल्याचा वास आला तेव्हा मी तो निखारा हातानं उडवला. बाईंनी आधी माझ्या हाताकडे पाहिलं, मग आपल्या पायाकडे. चांगला बोराएवढा फोड उठला होता. डोमाजी म्हणाला, बाई, तुमाले कळलं नाई का? बाई हसल्या आणि म्हणाल्या, थंडीनं पाय मेले हायत, दुसरं काय.

मी त्या दिवशी चुलीपुढे बसून खूप रडले. लाखोरी बंद करूनही पाय जात होते. माझ्या हातानं एवढं स्वच्छ करून वाढत होते, आणि तरीही. त्या वेळी एक गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर घडली होती आणि मला दिसली नव्हती. लाखोरीनं गेलेल्या डोमाजीच्या पायाला निखारा कळला होता. बाईंच्या पायाला नव्हता. विचारायची एवढी खोड असलेल्या मला तेवढा एकच प्रश्न सुचला नाही.

माघात बाईंच्या पावलांवर सूज आली आणि पडल्या पडल्याही धाप लागू लागली. बंडीत तणस टाकून, वर गोधडी घालून आम्ही त्यांना आरमोरीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर बाहेरगावचे होते, तरुण, घाई नसलेले. ह्यांनी त्यांना सांगितलं की लाखोरीनं पाय धरलेत. डॉक्टरांनी बाईंना खाटेच्या कडेला बसवून पाय लोंबते ठेवायला सांगितले आणि एका छोट्या हातोडीनं गुडघ्याखाली ठोकलं. पाय हलला नाही. पुन्हा ठोकलं. नाही हलला. लाखोरी असती तर या ठोक्यासरशी पायानं मला लाथ मारली असती, असं ते म्हणाले. लाखोरीचा पाय ताठतो, पण त्याला चटका कळतो. हा पाय ढिला पडलाय, आणि याला काही कळत नाहीये.

मग ते बाईंना सोडून माझ्याकडे वळले. घरात रांधतं कोण, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मीच. तर म्हणाले, भात कसा करता ते सांगा. मला हसावं की रागवावं कळेना. बाई तिकडे धापा टाकतायत आणि हा माणूस भाताची कृती विचारतोय. पण मी सांगितलं, आम्ही दोघं भाकरी खातो तेही. तांदूळ कुठला, तर मिलचा. धुता किती वेळा? सहा-सात. त्यांनी लिहिणं थांबवलं.

“आणि ते पाणी कुठे जातं?”

म्हशीला, मी म्हटलं.

“मांड?”

“थोडा ह्यांच्या टोपीला. उरला की म्हशीला.”

“कोंडा?”

तोही तिलाच, मी म्हटलं. त्यांना कळलं.

“म्हैस कशी आहे?” त्यांनी विचारलं.

चांगली आहे, मी म्हटलं. फार चांगली आहे.

ते हसले नाहीत, याबद्दल मी आजही त्यांची ऋणी आहे. दाण्याच्या सालीत एक सत्त्व असतं, त्याच्यावर माणसाच्या नसा चालतात, असं त्यांनी सावकाश समजावून सांगितलं. मिलनं साल काढली, तिथे बरंचसं गेलं. राहिलं होतं ते धुवणात गेलं, आणि त्यातूनही उरलं ते मांडात. डाळीतून थोडं मिळालं असतं, तीही बंद झाली. तुम्ही दोघं भाकरी खाता म्हणून वाचलात; या नुसत्या भातावर आहेत. मग ते म्हणाले की तुमच्या घरात धानातलं सगळं सत्त्व म्हैस खाते आहे आणि टोपी खाते आहे. आमच्या ह्यांनी नकळत डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

बंडीतून परत निघालो. मी मागे बाईंचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. बांध्यांमधून लाखोरीची निळी फुलं डोलत होती. एका दाण्याचं पाणी टाकायचं असतं, दुसऱ्याचं प्यायचं असतं, आणि मी एकाचं शहाणपण दुसऱ्याला लावून एका बाईचे पाय घालवले होते. लाखोरीचं पाणी टाका म्हणून बाईंनी मला शिकवलं ते खरं होतं. तांदळाचं टाका असं त्यांनी कधीच शिकवलं नव्हतं, ते मी माझ्या अकलेनं जोडलं. शिकलेल्या बायकोची अक्कल, म्हणून मला तिची घमेंडही होती.

दवाखान्याच्या सुया झाल्या, धाप आठ-दहा दिवसांत उतरली, सूजही गेली. पायांचं मात्र डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की नसा सावकाश येतील, आणि सगळ्या येतील असं नाही. जैतूला बोलवायला मी स्वतः गेले. तिच्या दारात तिची पोरं तांबड्या कण्यांचा जावा पीत बसली होती. गोंडांकडे पातळ पेजेला जावा म्हणतात. मी झालं ते सगळं तिला सांगितलं. ती म्हणाली, आमी तं पाणी बी टाकत नाई, कोंडा बी टाकत नाई, टाकाले आमच्याजवळ हायेच काय? आणि उठून माझ्याबरोबर चालू लागली. दुसऱ्या दिवशी मुसळाच्या ठोक्यानं मला जाग आली आणि मी अंथरुणात पडून तो आवाज कितीतरी वेळ ऐकत राहिले.

मग आमचं स्वयंपाकघर उलटं फिरलं. तांदूळ एकदाच, हलक्या हातानं धुवायचा. मांड वाटीत, मीठ घालून, बाईंच्या हातात. कोंडा भाजून गुळाबरोबर. लाखोरी जुन्या रीतीनं, दोन पाणी टाकून आणि तीही आठवड्यातून एखाद वेळी, भीतभीत. टोप्या मऊ पडल्या. शाळेतली पोरं हसली असतील. म्हैस पहिले काही दिवस घमेल्यात तोंड घालून माझ्याकडे बघे, आणि मला तिचीही क्षमा मागावीशी वाटे. मी दिवसातून दहा वेळा बाईंच्या पायाला चिमटा काढून विचारी, लागतं का? बाई कधी ‘थोडंसं’ म्हणत, कधी ‘हो’. माझ्या तोंडाकडे बघून म्हणतात हे मला समजत होतं.

एकदा दुपारी मी त्यांच्या पायाला तेल लावत होते आणि मला राहवलं नाही. मी म्हटलं, बाई, माझ्यामुळे झालं. मांड तुम्ही जन्मभर पीत होता. तो बंद केला तेव्हा तुम्ही मला का नाही बोललात? लाखोरी ओतली तेव्हा तरी?



“मांडाची लई आठवण येत होती पोरी,” त्या म्हणाल्या. “पण तू माह्यासाठी तांदूळ धुवून राह्यली होती. सात-सात पाणी. हात पांढरे पडत तुहे. लग्न होऊन आल्यापासून तू मले पह्यल्यांदाच आपली म्हणून काई करून राह्यली होती. त्याले मी नको कशी म्हणू?”

आणि पाय? पायाला कधीपासून कळत नव्हतं?

“मार्गशीर्ष लागला तवापासूनच. म्हटलं, सांगतलं तं तू भिऊन जाशीन.”

मी तेलाचे हात तसेच घेऊन बसून राहिले. एवढी माया त्यांच्या मनात होती आणि ती जरा कमी असती तर त्यांचे पाय वाचले असते, हे मला तेव्हा सहन झालं नाही, आज लिहितानाही होत नाही.

चैत्र लागला. आमच्याकडचं ऊन कोणाला सांगायला नको. बारा वाजता अंगणातल्या फरशीवर पापड भाजावेत. मी आत होते. जैतू मोहफुलं वाळत घालत होती. बाई काठी धरून पाण्याच्या रांजणाकडे निघाल्या, चप्पल नेहमीसारखी कुठेतरी निसटलेली, आणि एकदम त्यांची किंकाळी आली. मी धावले. बाई एका पायावर उभ्या होत्या, दुसरा हातात धरलेला, काठी लांब पडलेली.

“पोयला वं पाय! जैते, पोयला माहा पाय!”

जैतू मोहाचे हात वर करून हसत सुटली. मी त्यांना सावलीत ओढलं, तळपाय पाहिला, लाल झाला होता. बाई म्हणाल्या, पुन्हा टेकवून पाहू का? मी नको म्हणेपर्यंत त्यांनी टेकवलाही, आणि पुन्हा ओरडल्या. दोघी रडत होतो आणि हसत होतो, आणि शेजारीण कुंपणावरून विचारत होती की झालं काय. पाय भाजला, एवढंच आम्हाला सांगता येईना.

बाई पुढे वीस-बावीस वर्षं चालल्या. एका पायाच्या बोटांना शेवटपर्यंत काही कळलं नाही, ते त्यांनी कधी कोणाला जाणवू दिलं नाही.

आता घरात धान कांडायचं उखळ तुळशीशेजारी फुलझाड लावायला ठेवलंय. प्रतिभा माझ्यासाठी शहरातून तांबडा तांदूळ मागवते, चकचकीत पिशवीतून येतो. तिला वाटतं हे काहीतरी नवीन निघालंय. मी तिला काही म्हणत नाही. बाईंच्या वेळी पोटाला सत्त्व कमी पडत होतं, आता माझ्या रक्तात साखर मावत नाही. बाई गेल्या, कांडण थांबलं, आणि मधल्या वर्षांत मी बसून खाल्लं, पांढरा भात दोन वेळ, सणाला तळलेलं, मग सण नसतानाही तळलेलं. मुसळ उचलणारे हात गेले आणि भाताचा डोंगर तेवढा राहिला. डॉक्टरांनी दिलेल्या कागदावर लिहिलंय की तळण्यापेक्षा उकडा, डाळ-भाजी जास्त, भात मुठीएवढा, सालीसकट धान्य. मी तो कागद चष्मा लावून वाचते आणि मला त्यात कुठे बाई दिसतात, कुठे जैतू. डोमाजीही दिसतो, एकाच धान्यावर जगायला लागलेला. कारणं आता सगळी छापून येतात. रीत तेवढी हातातून गेली.

हे सगळं लिहून झालं आणि मी वही मिटणार होते. पण मग डावा अंगठा आठवला.

प्रतिभा ओट्यापाशी तांदूळ धूत होती. एकदाच, हलक्या हातानं. तेवढं माझ्याकडून तिच्याकडे गेलंय. मी खुर्ची ओढून बसले आणि म्हटलं, त्या दिवशी डॉक्टरांकडे मी खोटं बोलले. अंगठ्याला दोरा लागला नव्हता. तिनं पातेलं खाली ठेवलं, ओल्या हातांनीच माझ्यासमोर जमिनीवर बसली आणि माझा पाय मांडीवर घेतला. अंगठा दाबला. पुन्हा दाबला.

“कधीपासून?”

“गणपतीपासून.”

“अन् सांगतलं नाई काऊन?”

तू घाबरशील म्हणून, असं माझ्या तोंडाशी आलं होतं. मी ते गिळलं. उद्या सकाळी पुन्हा गडचिरोलीला जायचं आहे, आणि या वेळी डोळे मिटल्यावर मी खरं सांगणार आहे.